दुसरा रिमोट

त्या हिवाळ्यात आमच्या बैठकीच्या खोलीत कापूस राहायला आला होता. पाहुणा दोन दिवसांचं सांगून येतो आणि मग निघायचं नावच काढत नाही, तसंच ते झालं. सरकारी खरेदी सुरू झाली की नेऊ, असं बाबा म्हणाले होते. खरेदी काही सुरू होईना, आणि व्यापारी जो भाव सांगत तो ऐकून बाबा, जे शाळेत पोरांना हळू बोलायला शिकवायचे, गल्लीत उभे राहून मोठमोठ्यानं हसत आणि घरात येऊन गप्प बसत. आमच्या मुकुटबनात तेव्हा घरोघरी हीच तऱ्हा. माणसं पडवीत आणि कापूस पंख्याखाली. आमचं वावर ते केवढंसं, मास्तराच्या पगाराला जोड म्हणून ठेवलेलं, पण दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्याच घराला तेवढा कापूसही डोईजड होता. ढीग खिडकीच्या वर गेला होता. तो दाराबाहेर सांडू नये म्हणून आईनं जुनं लुगडं आडवं ताणून बांधलं होतं, आणि लुगड्याच्या अलीकडे जी चिंचोळी जागा उरली तिथे टीव्ही होता, आणि टीव्हीसमोर मी.

कापसात बसून ज्यानं टीव्हीवरचा गेम खेळलेला नाही त्याला मी काय सांगू. पाठ ढिगाला टेकवली की माणूस हळूहळू आत जायचा. कान बुजायचे, गल्लीतली भांडणंसुद्धा गोधडीआडून आल्यासारखी वाटायची. कापसाला सरकीचा एक कोमट, तेलकट वास असतो. टीव्हीची मागची बाजू तापली की धुळीचा वास सुटतो. हे दोन वास एकत्र झाले की जे काही होतं, त्याला मी आजही सुख म्हणते, आणि मोगऱ्याच्या गजऱ्यांवर जीव टाकणाऱ्या माझ्या मैत्रिणी मला वेड्यात काढतात. त्या सुखाबरोबर खाज मात्र फुकट मिळायची. साठवलेल्या कापसात काय बारीक बारीक जीव असतात देव जाणे, अंगभर पुरळ उठायचं. मी डाव्या हातानं रणगाडा चालवायची आणि उजव्यानं एका बोटानं गोळ्या झाडून उरलेल्या चार बोटांनी मान खाजवायची. आयुष्यात मी कमावलेलं पहिलं कौशल्य हेच, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फार काही कमावलं असं नाही.

गेम मामानं आदिलाबादहून आणला होता. राखाडी डबा, त्याला वायरीनं बांधलेले दोन रिमोट, आणि एक पिवळी कॅसेट, जिच्यावर शेकडो गेम असल्याचं छापलेलं होतं. प्रत्यक्षात गेम पाच-सहाच, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे, पण मी शाळेत शेकडोच सांगायची. बाबांना आगीची भारी धास्ती. कापसाच्या खोलीत काडी नाही, उदबत्ती नाही, बिडी ओढणारा माणूस तर अंगणातूनच परत. गेमचा अडॅप्टर तापायचा, म्हणून तो पितळी परातीत ठेवायचा असा त्यांचा हुकूम होता. भाकरीची वेळ झाली की आई पीठ मळायला परात मागायची, आणि मी म्हणायची, थांब, ही फेरी होऊ दे. असं करून आमच्या घरी भाकरी रोज उशिरा होऊ लागल्या.

आमचा जीव होता तो रणगाड्यांच्या गेमवर. पडद्याच्या तळाशी, विटांच्या कोंडवाड्यात एक पक्षी बसलेला. मूळचा तो कोणी रुबाबदार पक्षी असावा, पण आमच्या टीव्हीवर तो अगदी खुडूक कोंबडीसारखा दिसे, म्हणून तो आमच्यापुरता कायमचा कोंबडी झाला. वरून शत्रूचे रणगाडे विटा फोडत खाली यायचे, आणि दोघांनी दोन रणगाडे घेऊन त्यांना अडवायचं. कोंबडीला गोळी लागली की खेळ खलास, पुन्हा पहिल्यापासून. ना गोष्ट, ना गाणं. फेरी सुरू होताना एक चिमुकली धून वाजायची, आणि मग नुसती घरघर, जात्यासारखी. सगळं जग एका पडद्यात मावलेलं. त्यातही मला काय आवडायचं, तर नवी फेरी लागली की फुटलेल्या सगळ्या विटा पुन्हा जागच्या जागी. घरात मोठी माणसं रेडिओवरचे भाव ऐकून एकमेकांकडे बघत होती, बाहेर कोणाचंच काही पुन्हा नीट लागताना दिसत नव्हतं, आणि इथे एक धून वाजली की भिंत उभी. हे मला तेव्हा कळत होतं असा आव मी आणणार नाही. मला एवढंच कळत होतं की इथे मन रमतं आणि गणिताच्या पुस्तकापाशी रमत नाही.

माझा मुलगा कानाला ते मोठे हेडफोन लावून परदेशातल्या पोरांशी भांडत भांडत खेळतो. मध्यंतरी त्यानं कौतुकानं तो जुना गेम मला मोबाइलवर काढून दिला. "आई, यात करायचं काय असतं?" त्यानं विचारलं. म्हटलं, कोंबडी राखायची. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी पूर्वी माझ्या आजोबांकडे बघायची. मी थोडा वेळ खेळले. आवाज अगदी तेच होते. पण सोफा आत घेत नाही, आणि चष्मा वर करावा की खाली हे ठरेपर्यंत कोंबडी गेली.

हा गेम मला शिकवला तो माझ्या थोरल्या बहिणीनं, नंदाताईनं. ती माझ्यापेक्षा चांगली आठ वर्षांनी मोठी, आणि खेळात माझी आजीच. तिला पडद्याकडे बघावंसुद्धा लागत नसे. विटेवर बसलेल्या गोळीचा आवाज वेगळा, लोखंडी भिंतीवरचा वेगळा, बक्षीस उचललं की टिंग वेगळी. ती चुलीपुढे भाकरी थापता थापता तिथूनच ओरडायची, "बबे, कोपऱ्यातून निघाला एक, पाह्य." आणि खरंच निघालेला असायचा. हात भाकरीवर, कान गेमवर, आणि तोंड आमच्या सगळ्यांवर. तोंडाचा पट्टा अखंड सुरू. झोपेतही ती बोलायची आणि मी जागी असले तर उत्तर द्यावं अशी तिची अपेक्षा असायची. आदल्या उन्हाळ्यात तिचं लग्न राजूरला झालं. भाऊजी कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली कामाला. दोन खोल्यांचं घर, दोघंच राहणारी, पगार वेळेवर. कापसावर अवलंबून नसलेला जावई मिळाला म्हणून गल्लीत आईची मान ताठ झाली होती. दिवाळीत ताई माहेरी आली, दिवाळी झाली, कपडे धुऊन घडी घालून पेटीत गेले, आणि ताई काही परत जाईना.

कारण मला कोणी सांगितलं नाही, पण आमच्या घरात कापसाखेरीज आवाज अडवणारं काहीच नव्हतं. स्वयंपाकघरात ती आईला सांगत होती. "मारत नाहीत, पेत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत. बोलतच नाहीत वं. मी एवढी बोलते, एका शब्दानं उत्तर नाही. जेवताना मान खाली, माह्याकडं पाहतसुद्धा नाहीत. आई, मी तिथं कोणाशी बोलून राह्यली? भिंतीशी?"

बाबा दारातून म्हणाले, "माणूस कमी बोलते, त्यात काय बिघडलं? मीही कमीच बोलतो."

"तुमी?" आई एवढंच म्हणाली.

ताईचं म्हणणं पक्कं होतं. भाऊजी स्वतः आले आणि स्वतःच्या तोंडानं तिला चाल म्हणाले, तर ती जाईल. बाबांच्या मारफत निरोप आला, आईनं समजूत घातली, मामा मध्ये पडला, तर नाही. आई रात्रंदिवस त्याच घोरात. पोरीचं घर राहतं की मोडतं हे एका शब्दावर येऊन ठेपलं होतं, आणि तो शब्द ज्याच्याकडून यायचा तो माणूस बोलतच नव्हता. त्यात आमच्याकडची रीत अशी की सासुरवाडीत जावयानं बायकोशी सगळ्यांदेखत बोलायचं नाही. पाणी हवं असलं तरी साळीकडे, म्हणजे मेहुणीकडे मागायचं. बायकोचं नाव तर तोंडातूनही काढायचं नाही, आणि बायकोनंही 'त्याहिले सांग' म्हणून दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर बंदूक ठेवायची. तेव्हा भाऊजी आले तरी बोलतील कसे, हा पेच होताच.

भाऊजी आले. सकाळच्या बसनं, हातात केळ्यांची फणी, अंगात इस्त्रीचा शर्ट. बाबांनी जयभीम घातला, त्यांनी वाकून जयभीम केला. जावई म्हणजे बैठकीतच बसवायचा, आणि बैठकीत तर कापूस. खुर्ची मावेना, म्हणून आईनं ढिगावर नवी चादर अंथरली, भाऊजी मानानं तिच्यावर बसले, आणि सावकाश कमरेपर्यंत आत गेले. मला हसू आवरेना. बाबांनी डोळे वटारले आणि विचारलं, "कोणत्या गाडीनं आले जवाईबापू?"

"होय," भाऊजी म्हणाले.

बाबांनी केळी आत पाठवली. मग म्हणाले, "तिकडं कापसाचं काय म्हणतेत?"

"होय होय."

जेवताना वांगे-सोल्याची भाजी होती, हिरव्या तुरीच्या दाण्यांची, वर भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, बाजूला जवसाची चटणी. आईनं पदर सावरत विचारलं, "तिखट झाली का भाजी?" भाऊजी म्हणाले, "होय." आईचा चेहरा पडला. तिनं भाजीवर तूप ओतलं, दही आणलं, गूळ आणला. भाऊजींनी ते सगळं मुकाट्यानं खाल्लं. मधल्या खोलीत ताई भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे डोळे म्हणत होते, पाह्यलं? मी सांगतलं होतं ना?

जेवणं झाल्यावर आईनं मला बाजूला घेतलं. "बबे, भाऊजीले करमलं पाह्यजे. एकटं बसू देऊ नको." आता हे सांगायला आईनं माणूस चुकीचा निवडला. मला हे फर्मान वाटलं. मी तडक गेले, परातीत अडॅप्टर ठेवला, कॅसेटवर फुंकर मारली, दुसरा रिमोट भाऊजींच्या हातात दिला, त्यांच्या उजव्या बाजूला कापसात बूड रोवलं आणि रणगाड्यांचा गेम लावला. घराण्याची अब्रू माझ्या हातात आहे अशा थाटात. आज ते आठवलं की मला स्वतःलाच कानाखाली द्यावीशी वाटते.

भाऊजी इतकं वाईट खेळायचे की मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी त्यांना शिकवायला घेतलं. मी बोलले की ते अख्खी मान वळवून माझ्या तोंडाकडे एकटक बघायचे. गुरूचा शब्द खाली पडू नये म्हणून किती हा आदर, असं मला वाटलं. शाळेत माझ्याकडे असं कोणी बघत नव्हतं, मास्तरसुद्धा नाही. मधूनच ते उठून टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी मनात म्हटलं, खाणीतला माणूस, धडधडाटाची सवय. त्यांचा रणगाडा कोंबडीच्या शेजारून हलेचना. शत्रू कुठेही असो, हे आपले कोंडवाड्यापाशी उभे. मी वर जाऊन एकटी लढत होते आणि खाली हा पहारा. "भाऊजी, तुमी पुढं काहून जात नाही?" मी विचारलं. त्यांनी मान वळवली, मला पुन्हा विचारायला लावलं, आणि मग त्या दिवशीचं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं झालं.

"बबी, खाली आमाले सगळं कानानंच समजते. काय हालून राह्यलं, कोण येऊन राह्यलं, छत बोलून राह्यलं का. एथं सगळं डोळ्याले दिसते. वरून, एकदम सगळं. एथं बरं वाटते मले."

स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलायचा टिचटिच आवाज चालला होता, तो थांबला. मला त्याचं काय. मी म्हटलं, बरं वाटते ते ठीक आहे, पण कोपऱ्यातल्याला कोण मारणार?

आता घरातल्या बाकीच्यांच्या ध्यानात आलं होतं की जावयाचं तोंड उघडलंय, आणि नेमक्या ह्याच वेळी बबी तिथून उठली पाहिजे. आईनं हाक मारली, "बबे, पाणी आण वं विहिरीचं." मी म्हटलं, फेरी चालू आहे. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला वावरात फिरायला चल म्हटलं. म्हटलं, उन्हाचं कोण जाईल. आईनं दारात उभं राहून डोळ्यांनी खुणावलं, भुवया वर केल्या, मान झटकली. मला वाटलं, तिच्या डोळ्यात काही गेलं. मग तिनं सरळ मला पेरूला पैसे देऊ केले. मी, जी पेरूसाठी कोणाच्याही कुंपणावर चढत असे, नाही म्हटलं. एकतर आईनंच भाऊजींना एकटं बसू देऊ नको म्हणून बजावलेलं, आणि दुसरं म्हणजे आम्ही अशा फेरीला पोचलो होतो जिथे मी आजवर कधीच पोचले नव्हते. भाऊजींचा पहारा पक्का होता ना. कोंबडीला खरचटलंसुद्धा नव्हतं.

आणि मग ताईला राहवेना. कितीही झालं तरी ती खेळाडू. स्वयंपाकघरातून आवाज आला, "बबे, सांग त्याहिले, डावीकडची वीट फुटली. तिकडून येईन तो."

भाऊजींनी मान वळवली. "काय म्हणते?"

"म्हणते, डावीकडून येईन."

"सांग, पाह्यलं."

"ताई, पाह्यलं म्हणतेत."

"मंग उभे काहून आहेत? सांग, मारा म्हणा."

"काय म्हणते?"

असं सुरू झालं. प्रत्येक वाक्याला भाऊजी माझ्याकडे वळून काय म्हणते विचारणार, मी ते सांगणार, त्यांचं उत्तर घेऊन पुन्हा आत ओरडणार. आम्हा सगळ्यांना ती रीत वाटली. जावई रीतीला धरून आहे, बायकोचं बोलणं थेट कानावर घेत नाही. आई तर आत पदर तोंडाला लावून खूश, मारफत का होईना, बोलतायत. ताईचा आवाज मात्र चढत चालला होता. तिला मारफतच तर नको होती. "सांग त्याहिले, इतक्या हाकेवर मी बसली आहो, तुले कायले विचारतेत म्हणा." हे मी सांगितलं नाही, कारण तेव्हा माझ्या रणगाड्याला दोन बाजूंनी घेरलं होतं. मी मेले. पुन्हा निघाले. पुन्हा तिनं निरोप दिला, पुन्हा ह्यांनी मान वळवली, आणि पुन्हा मी मेले. शेवटच्या वेळी मी मेले तेव्हा माझं टाळकं फिरलं.

"तुमचं तुमी बोला ना," मी रिमोट कापसात आपटून म्हटलं. "मी काय टेलिफोन आहो का?"

पुढे कितीतरी वर्षं आईनं हे वाक्य पाहुण्यारावळ्यांना सांगितलं. एवढीशी पोर, पण कशी अक्कल, दोघांना एका वाक्यात जवळ आणलं. मी नम्रपणे खाली बघायची. खरी गोष्ट ही की मला त्या दोघांचं काहीही पडलेलं नव्हतं. माझे रणगाडे संपले होते.

ताई आली. दारात आली, हातावरचे तुरीचे तंतू झटकले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उठ." मी म्हटलं, अजून भाऊजींचे शिल्लक आहेत, मी त्यांच्यातून एक घेऊन खेळते. तिनं माझा कान धरला, मला कापसातून मुळ्यासारखी उपटली, रिमोट घेतला आणि माझ्या जागी बसली. जाता जाता मी तिला बजावलं, ही फेरी जपून खेळ, आपण इथवर कधी आलो नाही. ती काही बोलली नाही. ती काही बोलली नाही ही गोष्ट किती मोठी होती, हेही मला कळलं नाही.

स्वयंपाकघरात आईनं माझं मनगट धरून मला शेंगांच्या टोपल्यापुढे बसवलं. मी शेंगा सोलत होते आणि ताईसारखी कानानं खेळ ओळखायचा प्रयत्न करत होते. सुरुवातीला ठक, टण, टिंग, सगळं नीट चाललं होतं. मग गोळ्या कमी झाल्या. मग थांबल्याच. नुसती दोन रणगाड्यांची घरघर, एका जागी उभ्या असल्यासारखी, आणि त्या घरघरीच्या खाली भाऊजींचा आवाज. शब्द कळत नव्हते. भाऊजींनी टीव्ही इतका मोठा केला होता की त्याच्याआड माणूस भाषण करेल. आई चुलीत फुंकर घालायची विसरून बसली होती. बाबा मागच्या दारी बादली हातात घेऊन उभे होते, आणि बादली रिकामी होती. मला मात्र घोर लागला होता तो कोंबडीचा. दोघं गप्पा मारत बसले तर तिला राखणार कोण? मी उठायला गेले तर आईनं असा चिमटा काढला की त्याचा वळ दुसऱ्या दिवशीही होता.

आणि लाइट गेली. त्या वर्षांत ती कधीही जायची, त्यात नवल नव्हतं. घरघर तोडल्यासारखी थांबली. ती फेरी, सगळ्या विटा, इतक्या वेळचा पहारा, सगळं गेलं. मी तिथेच शेंगांवर डोकं ठेवून रडायला लागले.

आतला आवाज मात्र थांबला नाही. लाइट गेली, टीव्ही बंद पडला, गोंगाट संपला, हे ताईकडे मान वळवून बसलेल्या भाऊजींना उमगलंच नव्हतं. ते ज्या मोठ्या आवाजात बोलत होते त्याच आवाजात बोलत राहिले, आणि त्या शांत घरात त्यांचा शब्द न् शब्द खणखणीत ऐकू आला.

"पावसाळ्यात मले ताप आलता ना, तवापासून उजव्या कानानं काहीच नाही. डाव्यानं थोडं येते, जवळून बोललं तं. खाली आयकू येणारा माणूस लागते, साहेबाले समजलं तं घरी बसवतीन. तू बोलून राह्यली का मले नुसते ओठ दिसते. काय म्हणून विचारलं तं तुले समजीन, म्हणून मी मान खाली घालून जेवतो. रोज वाटते, आज सांगावं. मंग वाटते, तू म्हणशीन, बहिरा गळ्यात बांधला."

बाबांनी बादली खाली ठेवली. सकाळपासूनच्या त्या सगळ्या 'होय'चा अर्थ त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून उतरताना मी पाहिला. आईनं माझं डोकं छातीशी घेतलं आणि केसांवरून हात फिरवत कुजबुजली, "रडू नको माय. किती जीव तुया बहिणीवर." आता तिला काय सांगणार. मी फेरीसाठी रडत होते. पण तिच्या हाताखाली, रडता रडता, भाऊजींचं ते बोलणं माझ्यापर्यंत पोचलं. माझ्या तोंडाकडे बघणारी ती मान आठवली, आणि कोणता तरी एक हुंदका असा आला की तो फेरीसाठी नव्हता. कुठे एक रडणं संपलं आणि दुसरं सुरू झालं, हे मी आजही नेमकं सांगू शकत नाही.

बैठकीतून काहीच ऐकू येईना. ताई, जी झोपेतसुद्धा बोलायची, ती बोलत नव्हती. कापसात माणूस उठला, बसला, सरकला, तरी आवाज होत नाही. ती उठून पेटी भरायला मधल्या खोलीत गेली की उठून कायमची रुसली, की तिथेच आहे, कोणाला कळायला मार्ग नव्हता. आईचा हात माझ्या केसांत तसाच थांबला होता.

मग ताईचा आवाज आला. आधी बसली होती त्या बाजूनं नाही, खोलीच्या दुसऱ्या अंगानं, खिडकीकडून. आणि इतका मोठा, की आईनं दचकून माझे केस ओढले.

"आता येते का आयकू?"

"येते," भाऊजी म्हणाले.

"मंग म्हणा."

घरात सासू होती, सासरा होता, साळी होती, भिंतीपलीकडे शेजारी होते, आणि आमच्याकडची ती रीत होती.

अर्धी गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्यानं भाऊजी म्हणाले, "नंदा, घरी चाल."